जांभळावरची हाक

फांदी सुटली, पण दोर सुटला नाही. एवढंच झालं. दोर न सुटल्यामुळे फांदीचं सगळं वजन कप्पीवर येऊन थांबलं, कप्पीने ते झाडाला दिलं, आणि झाडाला मी कमरेच्या पट्ट्याने बांधलेला होतो. असा हिसका बसला की माझे दोन्ही पाय खोडावरून निसटले. जांभूळ आधी बिल्डिंगकडे गेलं, मग मागे आलं, आणि त्याच्याबरोबर मीही गेलो आणि आलो. गाल सालीवर घासला. करवत हातातून गेली आणि पट्ट्याला बांधलेल्या सुतळीवर लटकून गुडघ्याला लागत राहिली. खाली फांदी गोल फिरली आणि पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीच्या ग्रिलवर आपटली. काहीतरी फुटलं, कुंडी असावी. मग सगळं शांत झालं. नुसती कप्पी कुरकुरत होती. त्या शांततेत मला कळलं की शेवटचा काप मारताना मी काय ओरडलो होतो. मी ओरडलो होतो, "क्लेमेंटीन, सोड."

क्लेमेंटीन माझी बायको. ती पावसाळ्याच्या आधी गेली. आता नाताळ जवळ आला होता, खालच्या रस्त्यावरच्या दुकानात टांगलेले कागदाचे तारे मला झाडावरून दिसत होते. दोराला तिचा भाऊ आग्नेल उभा होता, राजोडीचा. ती गेल्यानंतर दोराचं हे पहिलंच काम. मधल्या महिन्यांत मी माडावर चढून नारळ उतरवले, झावळ्या साफ केल्या. त्याला खाली कोणी लागत नाही. नारळ पडतो तो पडतो.

या कामाला मात्र खाली माणूस लागतो. वसई-विरारमध्ये वाड्या विकल्या गेल्या आणि बिल्डिंगी आल्या तेव्हा मधली काही झाडं तशीच राहिली. ज्या जांभळावर मी होतो तेही कुणाच्या तरी वाडीतलं, विहिरीकाठचं असणार. आता त्याच्या एका बाजूला मीटरची खोली होती, तिच्यावर सिमेंटचे पत्रे, दुसऱ्या बाजूला स्कूटरी आणि तिसऱ्या बाजूला लोकांच्या गॅलऱ्या. अशा जागी फांदी तोडून टाकता येत नाही. ती उतरवावी लागते. वरच्या मजबूत बेचक्यात कप्पी बांधायची. माझी कप्पी मुंबईच्या दारूखाना बंदरातून आणलेली आहे, मोडीत निघालेल्या जहाजाची. तिच्यातून दोर घ्यायचा, एक टोक फांदीला बांधायचं, दुसरं खाली सोडायचं. खालचा माणूस ते बुंध्याला दोन वेढे देऊन धरतो. मी फांदीला आधी खालून खाच पाडतो, मग वरून कापत येतो. फांदी जायच्या वेळी मी हाक देतो आणि खालचा माणूस दोर पळू देतो. सोडून द्यायचा नाही, पळू द्यायचा. आधी सैल, मग हळूहळू आवळत. फांदी वेग घेते आणि जमिनीजवळ येताना थकल्यासारखी बसते. दोर पळूच दिला नाही तर सगळं वजन एका क्षणात झाडावर येतं. जांभळासारख्या ठिसूळ झाडाचा मग भरवसा नाही. जांभळाच्या फांदीखाली कोणी झोपत नाही आणि जांभळावर शहाणा माणूस मुलाला चढू देत नाही. आंब्याची फांदी जाताना कडकड वाजते, माणसाला सावध करते. जांभूळ सांगत नाही. म्हणून हाक आधी द्यावी लागते.

माझी हाक वेळेवर होती. नाव चुकलं होतं.

मी खोडाला मिठी मारली होती. हे मला जरा वेळाने कळलं. झाडावर काम करणारा माणूस खोडाला मिठी मारत नाही. तो पट्ट्यात मागे रेलून बसतो, गुडघे खोडाला टेकलेले आणि हात मोकळे. मिठी मारतो तो घाबरलेला माणूस. माझे दोन्ही हात खोडाभोवती होते आणि बोटं एकमेकांत अडकवलेली होती. ती मला सोडवता येत नव्हती. पँट थोडी ओली झाली होती. घाम म्हणता आलं असतं, पण मला माहीत होतं. समोरच्या गॅलऱ्यांमध्ये लोक उभे होते. रविवार होता म्हणून पुरुषमाणसंही घरी होती, बनियनवर, चहाचे कप हातात घेऊन. माझ्या उंचीवर, तिसऱ्या मजल्यावर, एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या माझ्यामध्ये खाटेएवढं अंतर असेल. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली आणि उगाच वाळत घातलेला टॉवेल सारखा करायला लागले. त्यांनी मान वळवली याचीच मला जास्त लाज वाटली.

खाली सोसायटीचे सेक्रेटरी तावडे आग्नेलवर ओरडत होते. "अरे, झोपला होतास काय? त्यांनी सोड म्हणून सांगितलं, मी इथून ऐकलं. अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. दोर धरून काय बसलास?"

आग्नेल म्हणाला, "चुकलं साहेब. हातात गुतला दोर. माजी चूक झाली."

दोर गुंतला नव्हता. आग्नेलच्या हातात दोर गुंतत नाही. तो लहानपणापासून होडीवर आहे, ओला दोर, मीठ बसलेला दोर, अंधारातला दोर, सगळे त्याने धरलेत. त्याने दोर सोडला नाही कारण त्याचं नाव मी घेतलं नव्हतं. त्याने बरोबर केलं होतं. हा नियम त्याला त्याच्या बहिणीने शिकवला होता.

नियम तिचाच. आमच्या गिरीजमध्ये रस्त्याला लागून एका वाडीत चिंच उतरवत होतो, लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तेव्हा मी नुसतं "सोड" म्हणायचो. त्या दिवशी रस्त्यावरून दोघं सायकलवाले भांडत चालले होते आणि त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "सोड रे, सोड मला." क्लेमेंटीनने दोर सोडला. माझा हात दोरावर होता. तळव्याची कातडी गेली. वाडीवाल्याने केळीच्या खुंटाचं पाणी लावलं आणि मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोललो नाही. तीही बोलली नाही. रात्री भाकरी वाढताना म्हणाली, "उद्यापासून माज्या नावाशिवाय मी दोर सोडनार नाय. राजा सांगंल तरी नाय." मी म्हटलं, नाव कशाला, दुसरं काहीतरी म्हणू. हो म्हणू, हुर्र म्हणू. ती म्हणाली, "हुर्र बैलाला म्हनतात."

मला तिचं नाव घ्यायची सवय नव्हती. आमच्या घरात ती रीत नव्हती. माझ्या आईला वडिलांनी कधी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. मीही तिला "अगं" म्हणायचो, पुढे रोवेना झाली तेव्हा "रोवेनाची आई". पहिल्यांदा झाडावरून "क्लेमेंटीन" ओरडलो तेव्हा माझे कान गरम झाले. आवाज सगळ्या वाडीत गेला. भाजी खुडणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. ती खाली दोर धरून हसत होती आणि हसता हसता फांदी मात्र कोंबडीचं पिल्लू ठेवावं तशी खाली ठेवत होती. फांदी टेकली की ती खालून सांगायची, "पोचली." झाडाच्या दाटीत वरच्या माणसाला खालचं दिसत नाही, म्हणून सांगावं लागतं. पण ती ते असं सांगायची की जणू फांदी एखाद्या गावाला निघाली होती आणि सुखरूप पोचली. गावात मग चेष्टा सुरू झाली. चर्चमध्ये मिस्साला जाताना कोणीतरी विचारायचं, "प्लासिड, आज नाव घेतलंस का? का आज खालीच आहेस?" तीही म्हणायची, "झाडावर चडल्याशिवाय ह्या मानसाला माजं नाव आठवत नाय." एकदा भांडण झालं तेव्हा म्हणाली, "जा, झाडावर जा, तितून बोल. मंग ऐकते."

हे सगळं मला खोडाला मिठी मारलेल्या अवस्थेत आठवलं असं नाही. तेव्हा काहीच आठवत नव्हतं. तेव्हा फक्त सालीचा वास येत होता आणि गालावर आग होत होती. पण नाव तोंडातून गेलं होतं आणि ते परत येत नव्हतं. ते बिल्डिंगच्या दोन भिंतींमध्ये कुठेतरी होतं. असं वाटत होतं की मी खाली बघितलं तर ती दोर धरून उभी असेल आणि म्हणेल, काय ओरडतोस, ऐकायला येतं. मी खाली बघितलं. आग्नेल होता. त्याने चेहरा वर केलेला होता. त्याचं कपाळ तिच्यासारखं आहे. तो माझ्याकडे असा बघत होता की जणू झाडावरून कोणी दुसरंच खाली येणार आहे.

"भावोजी," तो म्हणाला, "खाली येता का? जरा पानी घ्या."

उतरायला मला फार वेळ लागला. तोवर आग्नेलने लटकलेली फांदी खाली घेतली. पट्टा खाली सरकवायचा, पाय खाली न्यायचा, परत पट्टा. हे माझे पाय डोळे मिटून करतात. त्या दिवशी प्रत्येक वेळी मला पायांना सांगावं लागत होतं. जमिनीवर टेकलो तेव्हा तावडे जवळ आले. ते वाईट माणूस नाहीत. बँकेत आहेत, मूळ कणकवलीचे. बिल्डिंगचं काही नुकसान झालं तर लोक त्यांच्या दारात उभे राहतात, म्हणून ओरडतात. ते म्हणाले, "लागलं का तुम्हाला? गालातून रक्त येतंय." मग आग्नेलकडे बघून म्हणाले, "असल्या माणसाला घेऊन येऊ नका हो. जीव जाईल तुमचा."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. मी नाव चुकलो. याने बरोबर केलं. मी तोंड उघडलंही. पण ते सांगायचं तर नाव कोणाचं घेतलं तेही सांगावं लागलं असतं, आणि ती कुठे आहे तेही. मी गालावरचं रक्त पुसत राहिलो. आग्नेल खाली बसून दोराची वेटोळी घालत होता. दोराला काही झालं नव्हतं, तरी तो बोटांनी वीत वीत तपासत होता. मान खाली घालायला त्याला काहीतरी काम हवं होतं. आणि मला ताठ उभं राहता यावं म्हणून त्याने दोष स्वतःवर घेतला होता.

पहिल्या मजल्यावरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन खाली आली. तिचीच कुंडी फुटली होती. तरुण होती, गाऊनवर ओढणी घेतलेली. तावडे तिला सुरुची म्हणत होते. मी म्हटलं, ताई, कुंडी भरून देईन. ती म्हणाली, "राहू दे हो काका, शेवंतीच होती, परत लावेन. तुम्ही बसा आधी." मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "त्या कुठेयत? तुम्ही हाक मारलीत ना, क्लेमेंटीन. मी खाली बघत होते, मला वाटलं बाई आहेत बरोबर. त्यांनाही पाणी देते."

माझ्या हातात तांब्या होता. तावडेही माझ्याकडे बघायला लागले. मी तांब्या तोंडाला लावला आणि प्यायलो नाही, नुसता लावून ठेवला.

आग्नेल दोरावरून मान वर न करता म्हणाला, "ती नाय आली आज."

तावडे म्हणाले, "बघा, म्हणजे माणूस कमी. माणसं पुरी नसतील तर काम पुढे ढकलायचं ना. एक जण नाही आला म्हणून दुसऱ्याच्या अंगावर सगळं."

"हो साहेब," आग्नेल म्हणाला. "पुडच्या वेळेला."

त्या बाईने आग्नेलकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या शर्टाच्या बाहीवर काळी पट्टी अजून होती. आमच्यात घरचं माणूस गेलं की ती वर्षभर ठेवायची असते. कामाच्या शर्टाला मी स्वतः टाके घातले होते, वाकडे. ती तिला दिसली असावी. तिने माझ्या हातातून तांब्या घेतला, "थंड आणते," म्हणाली आणि गेली. ती परत आली नाही. बरं केलं.

दोघंच राहिलो तेव्हा आग्नेल बुंध्याशी सरकला. मीटरच्या खोलीच्या सावलीत आम्ही बसलो. वर मोठी फांदी बाकी होती. जी आपटली ती लहान होती. ही जाडजूड, मीटरच्या खोलीवर ओणवी झालेली, सगळ्या कामाचं कारणच ती. तिच्यासाठी महापालिकेची परवानगी आली होती. पावसाळ्यात पडली तर पत्रे, मीटर, वीज, सगळं जाईल म्हणून. आता हिसका बसल्यावर तिच्या मुळाशी एक बारीक चीर दिसत होती. ती तशी ठेवून जाता येत नव्हतं. आज कोणीतरी ती उतरवायलाच हवी होती, आणि त्या कंपाउंडात तिथवर चढणारा मी एकटा होतो. रोवेना बाहरीनला नर्स आहे. आईच्या मातीला आली होती तेव्हा म्हणाली होती, "बाबा, आता झाडं सोडा." मी तिला म्हटलं होतं, बघू. मला माहीत होतं की आज ही फांदी मला उतरवता आली नाही तर बघायला काही उरणार नाही. मग माड. मग तेही नाही. मग ओट्यावर बसून रस्ता बघणं.

"त्याने तुला एवढं बोलून घेतलं," मी म्हटलं.

"कोन, तावडे? सोडा." आग्नेलने विडी पेटवली. "आमच्या तांडेलाच्या शिव्या ऐकल्या तर हा मानूस होडीतून उडी टाकंल."

मग तो विडी बोटांत धरून दोराच्या टोकाशी चाळा करत होता. हाच दोर घेऊन क्लेमेंटीनने त्याला शिकवलं होतं, म्हणजे या दोराचा तुकडा. तेव्हा तिला उठवत नव्हतं. किडन्या गेल्या होत्या, पाय सुजलेले. खाटेवर उशीला टेकून बसायची आणि आग्नेलला खाली बसवून खाटेच्या पायाला दोराचे वेढे घालायला लावायची. दुसरं टोक कप्पीऐवजी खिडकीच्या गजातून काढून त्याला पाण्याची कळशी बांधलेली. "पळू दे. आवळ आता. अरे आवळ म्हन्ते तर फास काय लावतोस, मासा नाय तो." कळशी जमिनीवर आपटली की हसायची आणि हसल्यावर धाप लागायची. मी दारात उभा असायचो. ती माझ्यासाठी माणूस तयार करत होती हे मला दिसत होतं आणि मी ते न दिसल्यासारखं करत होतो. ती त्याला म्हणाली होती, "तुजं नाव घेतल्याशिवाय सोडायचा नाय. काय पन झालं तरी." त्याने मान डोलावली होती. तेव्हा तिने माझ्याकडे बघून म्हटलं, "आनि तू पन ध्यानात ठेव. आता आग्नेल म्हनायचं."

पुढे हॉस्पिटलात, शेवटी शेवटी, ती डोळे उघडत नव्हती. तिथल्या सिस्टरने मला सांगितलं, "काका, नावाने हाक मारा, कधीकधी ऐकतात." वॉर्डात बाकीची माणसं होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे पाहुणे आले होते, मोसंबी सोलत होते. मी वाकलो आणि म्हटलं, "अगं." परत म्हटलं, "अगं, ऐकतेस का." जमिनीवर उभं राहून मला ते नाव घेता आलं नाही. आणि आज झाडावरून, ती नसताना, परक्या लोकांच्या बिल्डिंगीत, गळा फाडून घेतलं.

आग्नेलने विडी चपलेखाली विझवली. "भावोजी," तो म्हणाला, "येक सांगू. तुमी तिचंच नाव घ्या. काय हरकत नाय. मी सोडीन."

मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"खरंच. मगाशी पन सोडला असता. हात सुटलाच नाय. नाव ऐकलं आनि..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. मग जरा हसत म्हणाला, "आता ध्यानात ठेवतो. क्लेमेंटीन म्हनजे मी. लोकांना काय करायचंय. म्हनतील ह्या बाप्याचं नाव बाईचं हाय."

त्याने ते इतकं सहज म्हटलं की मला रडायला आलं असतं. मी उठलो आणि पट्टा बांधायला लागलो. त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मनात म्हटलं, हे बरं होईल. हो, हेच बरं. मी तिचं नाव घेत राहीन आणि दोर सुटत राहील. कोणाला काही सोडावं लागणार नाही. लगेच वाटलं, हा माणूस बोटीवरचा एक दिवस बुडवून माझ्यासाठी इथे येतो, माझ्या वाट्याची शिवी खातो, आणि मी त्याला त्याचं नावसुद्धा देणार नाही. मी कसला माणूस आहे.

वर चढलो. पाय आता ऐकत होते, कुरकुरत का होईना. कप्पी मी दुसऱ्या बेचक्यात हलवली, जास्त जाड. दोर फांदीच्या मध्यापासून जरा शेंड्याकडे बांधला म्हणजे बूड आधी खाली जाईल आणि फांदी भिंतीकडे फिरणार नाही. फिरू नये म्हणून दुसरा बारीक दोर शेंड्याला बांधला. तो धरायला तावडे स्वतः उभे राहिले, बाह्या वर करून. मी त्यांना सांगितलं, नुसता ताणून धरा साहेब, ओढू नका. ते "ओके, ओके" म्हणाले. गॅलऱ्यांमध्ये लोक परत आले होते. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थही होते, पण खुर्चीत बसून, पेपर समोर धरून. पानं उलटत नव्हते.

खालून खाच पाडली. मग वरून कापायला लागलो. जांभळाचं लाकूड आतून लालसर असतं, भुसा ओलसर पडतो, तळव्याला चिकटतो. करवत चालत होती तसं मला काही सुचत नव्हतं. वाटत होतं की काप संपू नये. काप खोल गेला, फांदी किंचित, केसाएवढी, खाली झुकली. आता हाक द्यायची वेळ होती. जांभूळ वाट बघत नाही. मी तोंड उघडलं.

काहीच आलं नाही.

क्लेमेंटीन जिभेवर होतं. ते तिथेच असतं, त्याला आणावं लागत नाही. मी ते म्हटलं असतं तर आग्नेलने दोर पळू दिला असता, फांदी उतरली असती, खाली कोणी हसलं नसतं. ती जिवंत असल्यासारखं झालं असतं, निदान फांदी उतरेपर्यंत. आणि आग्नेल खाली उभा होता, मान वर, दोर दोन्ही हातांत, ओठ थोडे उघडे. दोन्हींतलं कुठलंही नाव पडलं तरी झेलायला तयार. एवढ्या उंचीवरून मला त्याचे डोळे दिसत नव्हते, पण कपाळ दिसत होतं. फांदी परत झुकली. आत कुठेतरी बारीक टक् असा आवाज झाला. आणखी उशीर केला असता तर परत तोच हिसका, आणि या वेळी बेचकं राहिलं नसतं, मीटरची खोली राहिली नसती, बहुतेक मीही नाही. आणि दोर धरून उभा असलेला तो. तिने कळशी उतरवून उतरवून तयार केलेला.

"आग्नेल," मी ओरडलो. "सोड."

दोर पळाला. कप्पी एकदा गरगरली आणि मग तिचा आवाज एकसारखा झाला, मऊ. झाड हललंसुद्धा नाही. माझ्या पट्ट्याला साधी थरथर जाणवली नाही. फांदीचं बूड खाली गेलं, मागून तिचा सगळा पसारा, पानं, सुकलेल्या काड्या, कुठल्यातरी पाखराचं रिकामं घरटं, सगळं माझ्या पायांखालून सरकत गेलं, पत्र्यांच्या बाजूने, भिंतीपासून हातभर लांब. वेग घेतला आणि मग थकल्यासारखं हळू झालं. तिच्या हातून जायची तशीच. मी खरं सांगतो, तिच्यापेक्षाही बरी गेली. तिचा हात शेवटी जरा घाई करायचा. याचा हात समुद्राचा होता, त्याला घाई नव्हती.

तावडे म्हणाले, "वा, वा. असं पाहिजे." कोणीतरी टाळ्या वाजवल्या, एकदोन. मी पट्ट्यात मागे रेलून बसलो होतो, हात मोकळे, जसं बसायचं असतं तसा. आणि मला इतकी लाज वाटत होती की मगाशी मिठी मारून बसलो होतो तेव्हाही वाटली नव्हती. इतकं सोपं होतं. एक नाव काढून दुसरं ठेवलं आणि दोर पळाला. दोराला काही फरक पडला नाही. झाडालाही नाही. एवढ्या महिन्यांत मला वाटत होतं की तिच्याशिवाय काही खाली उतरणार नाही.

मी वाट बघत होतो. कशाची ते जरा वेळाने कळलं. खालून आवाज येत नव्हता. फांदी मला दिसत नव्हती, खालच्या पानांनी झाकलेली होती. टेकली की अजून अधांतरी आहे ते कळत नव्हतं. क्लेमेंटीनने त्याला सगळं शिकवलं होतं, वेढे, आवळणं, नाव. तो एक शब्द शिकवला नव्हता. विसरली असेल. ती विसरणारी बाई नव्हती.

"आग्नेल," मी म्हटलं. दुसऱ्यांदा नाव आणखी सहज गेलं. "टेकली की सांगायचं असतं. वरच्याला दिसत नाही."

"काय सांगू?"

मी समोर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी पेपर खाली ठेवला होता. मी त्याला शब्द सांगितला. हळू सांगितला, पण तिथे सगळं ऐकू जात होतं.

मग पानांतून आवाज आला, "पोचली, भावोजी." तो तिच्याच घरचा आवाज होता.

"बरं," मी म्हटलं आणि दोर वर ओढून घ्यायला लागलो. शेंड्याकडच्या दोन लहान फांद्या अजून बाकी होत्या.